टीटीएमएम, भिशी आणि कार्डाची थकबाकी

प्रश्न नेहमी एकाच वळणाने येतो. नवीन लग्न झालेलं असतं, दोघंही कमावतात, तरी महिन्याच्या वीस तारखेला खातं कोरडं. क्रेडिट कार्डावर लाखभर थकलेले, लग्नाच्या वेळी घेतलेलं पर्सनल लोन चालू. मग दबक्या आवाजात विचारलं जातं, "कर्ज फिटेपर्यंत मित्रांकडे जाणं-येणं बंदच करावं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: नको. घरातल्या खर्चात मित्रांबरोबरचा खर्च सगळ्यात आधी डोळ्यांवर येतो, म्हणून कुऱ्हाड पहिली त्याच्यावर पडते. खरी गळती कार्डाच्या व्याजात असते, आणि तिचा आवाज येत नाही. मित्र बंद केले की दोन-अडीच महिन्यांत जीव गुदमरतो, एखाद्या शनिवारी दोघं सुटतात आणि तेव्हा होणारं बिल तीन महिन्यांची कसर भरून काढतं.

आधी कार्ड. समजा १,२०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिना ३.६ टक्के आहे. महिन्याचं व्याज ४,३२०, त्यावर १८ टक्के जीएसटी ७७८, म्हणजे ५,०९८ रुपये. बिलावर 'किमान देय' म्हणून सहा हजार छापलेले असतील आणि तुम्ही ते इमानदारीने भरलेत, तर मुद्दल फिटलं जेमतेम नऊशे. दुसरी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. मागची थकबाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदत संपते. आठ तारखेला घेतलेल्या दोन हजारांच्या किराण्यावर आठ तारखेपासूनच व्याज. तूरडाळीलासुद्धा वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त दर लागतो आहे, हे त्या बिलावर कुठे ठळक लिहिलेलं नसतं.

म्हणून पहिल्याच दिवशी कार्ड वापरायचं थांबवा. कपाटात ठेवून भागत नाही, कारण जेवण मागवायच्या ॲपमध्ये ते साठवलेलं असतं. तिथून काढा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद करायची सोय असते, ती वापरा, आणि लिमिट कमी करून घ्या. मग यूपीआय ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून बघा. दोघांच्या फोनमध्ये मिळून न बघितलेल्या ओटीटीचे, न गेलेल्या जिमचे मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायला दिलेल्या परवानग्या, हमखास निघतात. ते तिथेच रद्द होतात, कुणाला फोन करावा लागत नाही.

आता ती थकबाकी बँकेकडून हप्त्यांवर करून घ्या. १६ टक्के दराने १८ महिन्यांसाठी केली तर हप्ता ७,५४३ रुपये पडतो, व्याजावरचा जीएसटी धरून सरासरी ७,७००. हेच ७,७०० दरमहा जुन्या दराने भरत राहिलात तर कर्ज फिटायला २६ महिने लागतात. आठ महिन्यांचा फरक म्हणजे साधारण ६२ हजार रुपये. प्रक्रिया शुल्क वेगळं लागेल, ते आधी विचारा. इथे घोटाळा होतो तो पुढे: दर महिन्याला हप्ता भरला की तेवढं लिमिट पुन्हा मोकळं होतं, आणि मोकळं लिमिट बघून नवा फोन 'नो कॉस्ट ईएमआय'वर घ्यावासा वाटतो. त्या नो कॉस्टमध्येही प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी बहुधा तुमच्याच बिलात येतो. लिमिट कमी करायला सांगितलं ते यासाठी.

घरात महिन्याला ८५,००० येतात असं धरून पुण्याचा एक हिशेब मांडू. भाडं २२,०००. वीज, गॅस, इंटरनेट, सोसायटी ४,०००. किराणा, दूध, भाजी १३,०००. पेट्रोल आणि फोन ५,०००. गावी आईवडिलांना ८,०००. तीन लाखांच्या पर्सनल लोनचा हप्ता, १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी, १०,२५०. कार्डाचा ७,७००. उरले १५,०५०. भांडण होतं ते या पंधरा हजारांवरून.

यातले दोन हजार दोघांचे हातखर्चाचे, प्रत्येकी हजार. त्याचा हिशेब एकमेकांना द्यायचा नाही, विचारायचाही नाही. साडेतीन हजार वर्षाकाठी येणाऱ्या खर्चांसाठी: आहेर, दिवाळी, गाडीचा विमा. ५,६०० बाहेरचे, म्हणजे मित्रांचे. राहिलेले ३,९५० अडीनडीसाठी, पंचवीस हजार होईपर्यंत. सहा-सात महिने लागतील. "व्याज चालू असताना पैसे नुसते का ठेवायचे?" असं गणितात पक्का असलेला नवरा किंवा बायको विचारतेच. ठेवायचे, कारण रूट कॅनल आणि गाडीचा टायर सांगून येत नाहीत, आणि हाताशी रोकड नसली की घासलं जातं ते कार्डच. पंचवीस हजार जमल्यावर हेच पैसे कार्डाच्या हप्त्यांकडे वळवा. मात्र तिथे थोडेथोडे जास्त भरून हप्ता सहसा कमी होत नाही. उरलेली सगळी रक्कम एकदम भरावी लागते आणि त्यालाही शुल्क असतं, म्हणून पैसे बाजूला साठवून एकाच फटक्यात खातं मिटवा.

हप्त्याची तारीख पगाराच्या तारखेनंतरची आहे ना, तेही बघा. पगार सातला आणि हप्ता पाचला असेल तर हप्ता बाउन्स होतो, आणि दंड कर्ज देणाराही लावतो, बँकही लावते. तारीख बदलून मिळते का ते विचारा. विचारायचंच राहून जातं.

बाहेरच्या ५,६०० साठी दोघांच्या नावाचं वेगळं बचत खातं ठेवा आणि दोघांच्याही यूपीआयला तेच जोडा. पैसे महिन्याचे एकदम टाकू नका, दहा तारखेलाच संपतात. दर गुरुवारी १,३०० रुपये जातील असा स्थायी आदेश द्या. शुक्रवारी बेत ठरायच्या आत दोघांनाही आकडा ठाऊक असतो. एका आठवड्यात गेलं नाही तर पुढच्या आठवड्यात २,६०० होतात, आणि मग एखादं चांगलं जेवण बसतं. यासाठी जुन्या नोकरीचं सॅलरी खातं वापरायची कल्पना सगळ्यांनाच सुचते. पगार जमा होणं थांबलं की ते साधं बचत खातं होतं, बऱ्याच बँकांत किमान शिल्लक लागू होते, आणि मग दंड सुरू.

आता हॉटेलातलं टेबल. सहा जण, बिल ७,२००. सरळ सहा भाग केले की एकाचे बाराशे, जोडप्याचे चोवीसशे. पण यातले ३,६०० दारूचे असतील आणि तुम्ही दोघांनी लिंबू सोडा घेतला असेल, तर फक्त जेवणाचे भाग करून तुमच्या वाट्याला बाराशेच येतात. बिल आल्यावर हे बोललं की कंजूष ठरता. बसताबसताच, मेनू हातात असताना म्हणा, "ड्रिंक्सचं वेगळं ठेवूया रे, आम्ही आज घेत नाही." पुण्या-मुंबईत टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, सगळ्यांना कळतं. कुणाला राग येत नाही. बिलात सर्व्हिस चार्ज असेल तर तो ऐच्छिक असतो, काढायला सांगता येतो.

आणि एक सवय तोडा: "मी कार्डावर भरतो, तुम्ही मला जीपे करा, पॉइंट्स मिळतात." ७,२०० कार्डावर चढतात. मित्रांचे ४,८०० बचत खात्यात येतात आणि आठवड्यात पेट्रोल-भाजीत विरघळतात. थकबाकी चालू असेल तर त्या ७,२०० वर महिन्याला तीनशेच्या वर व्याज आणि जीएसटी. पॉइंट्सची किंमत सत्तर-ऐंशी रुपये असली तर खूप.

घरी बोलावणं सगळ्यात स्वस्त, पण नीट केलं तर. आठ जणांना मसालेभात करायचा तर माणशी १०० ग्रॅम धरून ८०० ग्रॅम तांदूळ, पाव-पाव किलो तोंडली आणि मटार, मूठभर काजू, वरून तूप, खोबरं, कोथिंबीर. किलोभर दह्याचा मठ्ठा, काकडीची कोशिंबीर, पापड. सहाशे-सातशेत होतं, तेच ॲपवरून मागवलं तर अडीच-तीन हजार. बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, एवढा भात तीन लिटरच्या कुकरात मावत नाही. वरचा कच्चा राहतो, खालचा लागतो, आणि शेवटी आठ बिर्याण्या मागवल्या जातात. सहा-सात लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या, नसेल तर शेजारच्या काकूंकडे मागा. तांदूळ परतून दुप्पट उकळतं पाणी, मग मंद आच आणि झाकण. दोन, "काहीतरी घेऊन या" असं मोघम सांगितलं की चार जण वेफर्स आणतात आणि तीन जण दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. नावानिशी वाटून द्या: भात आमचा, श्रीखंड तुमचं, मठ्ठा तिचा, पापड-लोणचं त्याचं. भांडी घासायला कोण थांबणार हेही आधी ठरवा, नाहीतर यजमानीण पुढच्या वेळी बोलावणार नाही आणि तिचं बरोबर असेल.

रात्रीच्या भेटी सकाळी आणा, एवढ्या एका बदलानेही बराच फरक पडतो. रात्रीच्या जेवणाला माणशी सहाशे-हजार सहज लागतात. सकाळी मिसळ, एक्स्ट्रा पाव आणि चहा दोनशेच्या आत. रविवारी पहाटे सिंहगडावर आतकरवाडीच्या वाटेने चढायचं, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. पायथ्यापर्यंत पीएमपीची बस जाते. टेकडीवाले असाल तर वेताळ टेकडीला एक पैसा लागत नाही. नाटकाला बाल्कनीचं तिकीट घ्या, पण मध्यंतरातल्या वड्यांचे आणि नंतरच्या जेवणाचे पैसे तिकिटाहून जास्त होतात, तेव्हा घरून खाऊन निघा. दिवाळी पहाटेच्या कितीतरी मैफली फुकट असतात, प्रवेशिका मात्र आधी जाऊन आणाव्या लागतात.

लग्नसराईचं वेगळं. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिका सुरू होतात. तेव्हाच दोघांनी बसून यादी करा. सात लग्नं, अकराशेचा आहेर, म्हणजे ७,७००, शिवाय जाणं-येणं. जवळचे किती आणि ऑफिसातले किती हे वेगळं करा. ऑफिसातल्यांना पाच जणांत मिळून एक भेट, माणशी तीनशे. हळदीला पिवळा कुडता किंवा साडी एकच, दर हळदीला तीच. फोटोत कळतं म्हणाल, तर कळू द्या. खरा खड्डा लग्नाआधीच्या गोव्याच्या ट्रिपचा असतो, माणशी बारा-पंधरा हजारांचा. तिथे नाही म्हणायचं, पण नुसतं नाही म्हणून फोन ठेवायचा नाही: "गोव्याला ह्या वेळी जमणार नाही. हळदीला मात्र सकाळी सातपासून आम्ही दोघं आहोत, कामं सांगून ठेव." गोव्याला कोण आलं होतं ते लोक विसरतात. मांडवात खुर्च्या कुणी लावल्या ते आठवतं.

कर्जाचं मित्रांना सांगावं का? सगळ्यांना नको. गटात बेत आखणारा एकजण असतो, त्याला एक वाक्य, तारखेसकट: "लोन फेडतोय, मार्चपर्यंत महिन्यातून एकदाच बाहेरचं जेवण." तारीख सांगितली की तो स्वतःच सकाळचे बेत सुचवायला लागतो. तारीख नसली की सगळे काळजी करत बसतात, आणि ते जास्त त्रासाचं.

भिशीबद्दल आम्हाला हटकून विचारतात. बारा जणांची दोन हजारांची भिशी म्हणजे २४,०००. पहिला-दुसरा नंबर लागला तर ती बिनव्याजी उचल आहे, थेट कार्डाची थकबाकी फेडायला वापरा. अकरावा लागणार असेल तर तुम्ही इतरांना बिनव्याजी देताय आणि स्वतः कार्डावर चाळीस टक्क्यांनी घेताय. नंबर मागून घ्या, अडचण सांगितली तर देतात. लिलावाच्या भिशीत मात्र शिरू नका.

कुठलं कर्ज आधी? जास्त दराचं आधी, हा नियम बरोबर. अपवाद हातउसन्याचा. मित्राकडून घेतलेल्या वीस हजारांना व्याज नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी ठेवलं जातं, आणि मग तो असेल त्या बैठकीला जायला नको वाटतं. जोडप्यांचं येणं-जाणं तुटतं ते बऱ्याचदा पैसे नसल्यामुळे नाही, या चुकवण्यामुळे. त्याला फोन करून सांगा, "दर पाच तारखेला दोन हजार," आणि तसेच पाठवा. दहा महिने. अडीनडीच्या ३,९५० मधून निघतात, ती शिल्लक पाचेक महिने उशिरा भरेल एवढंच.

दागिने गहाण ठेवून कार्ड फेडणं दराच्या हिशेबाने स्वस्त पडतं. पण दागिने बायकोचे आहेत, तेव्हा सुचवायचं तिने. आणि बँकेचा वसुलीवाला "अमुक भरा, बाकी सोडून देतो" म्हणाला तर हुरळू नका. क्रेडिट रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घराच्या कर्जाला आडवा येतो. सगळं भरून 'क्लोज्ड' लिहून घ्या, थकबाकी नसल्याचं पत्र मागा, आणि वर्षातून एकदा फुकट मिळणारा रिपोर्ट काढून तसं नोंदलंय का ते तपासा. कार्ड बंद करायचा अर्ज दिला आणि काही देणं उरलेलं नसलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे सात कामाच्या दिवसांत ते बंद झालं पाहिजे. नाही झालं तर उशिराच्या दर दिवसाला बँक तुम्हाला पाचशे रुपये देणं लागते, म्हणून अर्ज लेखी द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.