लिंबूटिंबू

लपाछपीत एकदा मी जिन्याखाली, रॉकेलच्या डब्यामागं, अर्धा तास अंग चोरून बसलो होतो. पायावरून झुरळ गेलं तरी हललो नाही. आईनं जेवायला हाक मारली म्हणून बाहेर आलो, तर अंगणात सगळे आबादुबी खेळत होते. लपाछपी केव्हाच मोडली होती. मला कुणी शोधलंच नव्हतं. सहा वर्षांचा मी गल्लीतला लिंबूटिंबू होतो आणि ही गोष्ट मी सोडून अख्ख्या गल्लीला माहीत होती.

हे आठवायला निमित्त झालं मागच्या पावसाचं. आमच्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी तेहेतीस फुटांवर गेलेलं, शाळेला सुट्टी पडते का याकडं पुतण्याचे कान लागलेले आणि तोवर टीव्हीवर पिच्चर चालू. ठरलेला मामला. भंगार टीम, दारुडा कोच, कुणाच्या बुटाला लेस नाही, आणि समोर चकचकीत कपड्यातले, कधीच न हरलेले वीर. गोलकीपरनं झोकात उजवीकडं झेप घेतली आणि बॉल डावीकडून सरपटत आत गेला. इतका सावकाश, की वाटेत त्यानं एखाद्या टपरीवर चहा घेतला असता तरी पोचला असता. मी हसून हसून आडवा झालो.

"काका, ते हरायला लागलेत आणि तुम्ही हसताय होय?" पुतण्यानं विचारलं.

मला उत्तर देता आलं नाही. पोरगं नवाच्या आत झोपलं, मी मात्र बारापर्यंत छताकडं बघत पडलो.

हरण्यात हसण्यासारखं काही नसतं. आमच्याकडं कुंडलच्या मैदानात चितपट झालेला पैलवान अंगावरची माती न झटकता गर्दीतून वाट काढत जातो, तेव्हा कुणी हसत नाही. उलट लोक बाजूला सरकून वाट देतात. साधनं नसण्यातही नसतं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले ते लोकांकडून पैसे गोळा करून. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी राहतं घर गहाण टाकलं होतं. खाशाबा ब्राँझ घेऊन आले आणि कऱ्हाडकरांनी बैलगाड्या जुंपून मिरवणूक काढली. यावर पिच्चर काढा, लोक रडतील, शिट्ट्या मारतील, खुर्चीवर उभे राहतील. हसणार नाहीत. कारण खाशाबा तयार पैलवान होते. चार वर्षं आधी लंडनला ते सहावे आलेले होते. कमी पडत होते ते पैसे. ज्याला खेळ येतो पण संधी मिळत नाही, तो नायक. ज्याला खेळ येत नाही आणि ते त्याच्या गावीही नाही, तो लिंबूटिंबू. हसू येतं ते या दुसऱ्याचं.

म्हणजे हसू त्याच्या चुकीचं नसतंच. चूक करतानाच्या त्याच्या गांभीर्याचं असतं. मी रॉकेलच्या डब्यामागं श्वास रोखून बसलो होतो, हा त्यातला विनोद. कंटाळून मध्येच घरात गेलो असतो तर काहीच विनोद नव्हता.

या जातीचा सगळ्यात अस्सल नमुना मला कुठल्या पिच्चरमध्ये नाही, २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये सापडला. इक्वेटोरियल गिनी नावाच्या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाचा एरिक मुसांबानी. शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याच्या हीटमध्ये तिघंच होते. त्यातल्या दोघांनी इशाऱ्याआधी उडी मारली आणि दोघंही बाद. राहिला एकटा एरिक. हा गडी पोहायला शिकून वर्षही झालं नव्हतं, सराव केलेला हॉटेलातल्या छोट्या तलावात, आणि पन्नास मीटर लांबीचा तलाव त्यानं सिडनीला आल्यावर पहिल्यांदा बघितला. आता एवढ्या मोठ्या पाण्यात एकटाच. शर्यत आहे पण शर्यतीला कुणी नाही, यापेक्षा मोठं लिंबूटिंबूपण काय असणार? शेवटच्या काही मीटरमध्ये तर तो पुढं जातोय की खाली, हेच कळेना. वेळ लागला एक मिनिट ५२.७२ सेकंद. त्या स्पर्धेचं सुवर्ण गेलं ४८.३० सेकंदांना. आणि तरी पठ्ठ्यानं हीट जिंकली! ती चित्रफीत मी कितीदा बघितली असेल. दर वेळी सुरुवातीला हसतो आणि दुसऱ्या लांबीला, का कोण जाणे, माझेच हात पाणी मारल्यासारखे हलायला लागतात.

त्याच्या आधीचा, १९८८ च्या कॅलगरीतला एडी एडवर्ड्सही याच घराण्यातला. ब्रिटनचा स्की-जंपर. जाड भिंगांचा चष्मा, वर गॉगल, आणि बर्फात चष्म्यावर वाफ धरायची. म्हणजे डोंगरावरून उडी मारणाऱ्याला खालचं दिसत नाही. दोन्ही प्रकारांत शेवटचा आला. त्याच्यावर २०१६ साली पिच्चरही निघाला.

पण पिच्चरवाल्यांपुढं एक पेच असतो. भंगार टीमला पडद्यावरही कुणीतरी हसत असतं, आणि हसणारा हमखास उर्मट असतो. आता आपण हसलो तर त्याच्या पंगतीला बसल्यासारखं होतं. मग हसायचं कसं? यावर आपल्या आयांनी फार पूर्वी तोडगा काढून ठेवलाय. रडत घरी आलं की त्या म्हणायच्या, हसतील त्यांचे दात दिसतील. चांगला दिग्दर्शक एवढंच करतो, कॅमेरा त्या दातांवर धरतो. आधी ते दात नीट मोजून दाखवतो, आणि पुढं ते तोंड मिटतं तेव्हा आपल्याला गुदगुल्या होतात. 'लगान'मधला गुरन आठवा. बॅट भलतीकडंच धरून उभा राहतो आणि बॉलशी भांडतो. गोऱ्यांना आधी त्याचं हसू येतं, मग त्याचा राग येतो. तो रागच खरा विनोद. २००१ चा तो पावणेचार तासांचा पिच्चर सांगलीत आम्ही दाटीवाटीनं बघितला, आणि हशा सगळ्यात जास्त होता तो टीम जमवतानाच्या भागात. मॅचला हशा कमी, आरडाओरडा जास्त.

हे आमच्या मातीतलंच आहे म्हणा. मराठी नाटकाची सुरुवात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच सांगलीत केली, ती 'सीतास्वयंवर'नं. आजी ती कथा सांगायची तेव्हा रामानं धनुष्य मोडलं इथं आम्ही हात जोडायचो. पण वाट बघायचो ती आधीच्या प्रसंगाची. रावण मिशीला पीळ देत उठतो, आणि धनुष्य त्याच्याच छातीवर पडतं. "मग, आजी, तो कसा ओरडला?" हे रोज विचारायचो. ती रोज वेगळं ओरडायची.

माझी या पिच्चरांवर एकच तक्रार आहे. इंटरव्हलनंतर ही मंडळी सुधारतात. एक गाणं लागतं, त्यात टायर ओढतात, दोर चढतात, पहाटे धावतात, आणि गाणं संपायच्या आत सगळे तरबेज. तिथं माझं हसू संपतं. मग ते शौर्य, डोळ्यांत पाणी, शेवटच्या चेंडूला सहा. छानच असतं, मीही टाळ्या वाजवतो. पण हुशार लेखक टीममधला एक गडी न सुधारलेला ठेवतो. संख्या भरायला घेतलेला, अकरावा.

हे मी अधिकारानं बोलतोय. मी तो होतो.

मे महिना, तासगावच्या पलीकडचं एक गाव, टेनिस बॉलच्या स्पर्धा, सहा-सहा ओव्हरची मॅच, पहिलं बक्षीस बोकड. बोकड कडुनिंबाला बांधलेला, मंडपाशेजारीच, सगळ्यांना दिसेल असा. आमच्या टीमचा अकरावा गडी आदल्या रात्री मावशीच्या लग्नाला गेला म्हणून मला घरातून उचललं आणि द्राक्षाच्या पेट्या वाहणाऱ्या टेम्पोत घातलं. कप्तानानं हौसेनं सगळ्यांना पांढरे शर्ट सक्तीचे केले होते.

घोटाळा तिथंच झाला. आमचा हुकमी खेळाडू मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर कामाला. पहाटे गाडी भरून तसाच आलेला. हाताच्या रेषारेषांत हळद. आणि स्वभाव मोकळा, भेटेल त्याच्या पाठीवर थाप. मैदानात उतरलो तेव्हा आमच्या प्रत्येकाच्या पाठीवर पिवळाधमक पंजा होता.

समालोचक लग्नातही माईक धरणारा असावा. आम्हाला बघताच त्याला कंठ फुटला. "सांगलीच्या संघाला हळद लागलेली आहे, रसिकहो! अक्षता कधी पडतात ते पाहू या. एम. एच. दहाची पांढरी मारुती कुणाची आहे, त्यांनी ती वाटेतून काढून घ्यावी."

अक्षता लगेच पडल्या. त्यांनी सहा ओव्हरमध्ये ब्याऐंशी कुटल्या. आमच्या नऊ विकेट पडून मी निघालो तेव्हा चार चेंडूंत एकेचाळीस हवे होते. कप्तान जवळ आला, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "बघून खेळ."

मी मान हलवली. मला ते पटलं होतं! मी बॅट उभी धरून पंचाकडं गार्ड मागितला.

"कुठं बी उभा ऱ्हा," पंच म्हणाला.

तरी मी नखानं रेघ ओढली. मग मोठे खेळाडू बघतात तसं गोल फिरून क्षेत्ररक्षण न्याहाळलं. सगळे जवळ जवळ चालत येत होते. समालोचक तेवढ्यात सांगत होता, "आता खेळपट्टीवर येत आहेत... येत आहेत..." आणि मग माईकवरच, "नाव काय रं ह्याचं?"

बॉल आला, मी डोळे मिटले, बॅटला काहीतरी लागलं. डोळे उघडायच्या आधी मी पळत सुटलो. पलीकडं पोचलो तर हळदवाला जागचा हललाच नव्हता, दोन्ही पिवळे हात पुढं करून ओरडत होता, "माघारी जा, मर्दा!" मागं बघितलं तर माझ्याकडच्या दांड्या उडालेल्या.

"दोन्ही नवरे एकाच बोहल्यावर!" समालोचक आनंदानं किंचाळला. अख्खा मंडप हसत होता. बोकड ओरडला. पंच गोंधळला, बाद कोण ते त्याला ठरवता येईना, दोन्ही कप्तान भांडायला लागले. मी बॅट उंचावून पुढं झालो आणि म्हणालो, "मी! मी आऊट!" लपाछपीपासूनचा हिशेब होता तो. मला कुणीतरी मोजत होतं. स्कोअर लिहिणाऱ्या पोराजवळ जाऊन मी त्याला माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सांगितलं. त्यानं ते लिहिलं, पुढं धावबाद, पुढं शून्य.

त्या रात्री आईनं शर्ट भिजवला आणि साबण लावला. साबण लागला की हळद लाल होते, हे तिच्याही ध्यानात राहिलं नाही. पाठीवरचा पिवळा पंजा बघता बघता लालभडक झाला, पाचही बोटं उमटलेली.

"कुणी मारलं रे तुला एवढं?" ती शर्ट तसाच घेऊन बाहेर आली.

"मारलं नाही. शाबासकी दिली."

"किती काढल्यास?"

"शून्य."

तिनं माझ्याकडं बघितलं, शर्टाकडं बघितलं, आणि तो परत बादलीत टाकला.