सायझिंग खात्यातल्या बाबांची निळी गोधडी

गिरणगावावरचं, म्हणजे मुंबईतल्या कापडगिरण्यांच्या वस्तीवरचं, प्रदर्शन म्हटलं की आत काय असणार हे बाहेरूनच कळतं. भोंगा, चिमणी, गणपती, भजनी मंडळ, खानावळ आणि शेवटच्या भिंतीवर मॉलचा चकचकीत फोटो. त्यामुळे लालबागच्या आमच्या जुन्या चाळीतून वहिनीचा फोन आला, "दोन चित्रकार आलेत, चाळीतल्या लोकांनाच घेऊन प्रदर्शन करायचं म्हणतायत, तू पण ये," तेव्हा मी फार काही हरखले नाही. मी राहते डोंबिवलीला. रविवार म्हणजे धुणं, दळण आणि जमलं तर दुपारची झोप. गेले ते केवळ वहिनीचा शब्द मोडवेना म्हणून.

चित्रकार म्हणजे विशीतली दोन मुलं, एक मुलगा, एक मुलगी. बेत असा, की प्रत्येक घराने गिरणीच्या काळातली एक वस्तू आणायची, तिचा उन्हात कापडावर ठसा घ्यायचा आणि ते सगळे तुकडे जोडून एक मोठी गोधडी शिवायची. चाळीतल्या बायका शिवणार, पुरुषांनी निदान सुया ओवून द्यायच्या.

पहिली अडचण वस्तूंची. कुणी काही देईचना. मुलांना वाटलं, लोकांनी सगळं भंगारात घातलं असणार. तसं नव्हतं. हजेरी कार्ड, गैरहजर माणसाच्या जागी लागणाऱ्या बदली कामगाराचा पास, प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी, विम्याचं कार्ड हे सगळं प्रत्येक घरात आहे, पण कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत, लॅमिनेशन करून. कारण गिरणी कामगारांसाठीचं म्हाडाचं घर. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता त्याला किंवा त्याच्या वारसाला त्यावर हक्क सांगता येतो, आणि पटावर होता हे कागदानेच सिद्ध करावं लागतं. पहिली मोठी सोडत २०१२ मध्ये निघाली, ६,९२५ घरांची. पुढे सगळे मिळून अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात गेले. ज्यांचा नंबर अजून लागलेला नाही ते तो कागद जिवापाड जपणारच. तो कुणी दोन पोरांच्या हातात कलेसाठी देईल? आमच्या घरात तर ‘गिरणी’ हा शब्द त्या अर्जापुरताच उरला होता. बाबांविषयी आम्ही भावंडं जे काही बोलायचो ते म्हणजे कुठल्या कागदावर त्यांचं नाव कसं लिहिलंय आणि आधार कार्डाशी ते जुळतं का.

शेवटी ठरलं, की अस्सल कागद घरातून हलणार नाही. ज्याने त्याने झेरॉक्स आणायची. काहींनी वस्तू आणल्या. कुणी मागावरचा धोटा, कुणी सुताच्या कांड्या, कुणी पितळी डबा.

ठसा घ्यायची पद्धत जुनी, १८४२ सालची. सायनोटाइप म्हणतात. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड अशी दोन द्रावणं एकत्र करून अंधाऱ्या खोलीत कापडाला लावायची, कापड तिथेच सुकवायचं, मग वस्तू ठेवून उन्हात न्यायचं. ऊन लागतं तो भाग पाण्यात धुतल्यावर निळा होतो, वस्तूखालचा पांढरा राहतो. ‘सायनाइड’ एवढंच ऐकून दोन घरांनी पोरांना गच्चीवर यायला बंदी केली. हा पदार्थ तसा विषारी नाही, फक्त अॅसिडपासून लांब ठेवायचा, हे त्या मुलीला जिन्यात उभं राहून पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

पण कापड रंग धरेना. निळा डागाळत होता, कुठे गडद, कुठे फिका. मुलगी म्हणाली, नव्या कापडात स्टार्च असतो, तो काढायला हवा. तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. स्टार्च म्हणजे खळ, आणि खळ म्हणजे माझ्या बाबांचं खातं. बाबा सायझिंगला होते. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, सूत गरम खळीतून काढायचं, तापलेल्या ढोलांवर सुकवायचं, म्हणजे साच्यावर, मागावर, तुटत नाही. खळीत पिठूळ काहीबाही असे, चिंचोक्याची पूडसुद्धा. बाबा पाळीवरून आले की त्यांच्या सदऱ्याला आंबूस वास यायचा आणि बाह्या कडक झालेल्या असायच्या. आई त्या नुसत्या पाण्यात भिजवायची नाही, कढत पाणी ओतायची. मी तेच सांगितलं. गच्चीवर मोठ्या पातेल्यात कापड उकळलं, वर पांढुरका फेस आला, तो ओतून पुन्हा उकळलं. त्यानंतरच्या तुकड्यांवर निळा रंग असा बसला की बघत राहावं. एका आजोबांच्या जुन्या टेरिकॉटच्या शर्टावर मात्र फारसं काही उमटलं नाही. या रंगाला सुतीसारखं नैसर्गिक धाग्याचं कापड लागतं. आजोबा खूश झाले. म्हणाले, "बघा, टेरिकॉट आलं तेव्हाच आम्ही म्हटलं होतं."

एका काकूंनी आपला ठसा घरी नेऊन पावडर लावून खसाखसा धुतला. सोड्याने निळ्याचा पिवळा झाला. त्या तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत.

मग कागदांचा प्रश्न आला. झेरॉक्स कापडावर ठेवली तर ऊन फारसं आत जात नाही, नुसता पांढरा चौकोन उरतो. चित्रकार मुलाला तो चौकोन फार आवडला. जे पुसलं गेलं त्याची जागा, असं काहीतरी तो म्हणाला. तळमजल्यावरच्या मालवणी आजींनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुसला कोणी? माज्या घोवाचा नाव दिसाक व्हया." मी आजींच्या बाजूची. ज्यांना आयुष्यभर ‘बदली’ म्हणून हाका मारल्या, त्यांचं नाव झाकून त्याला कला म्हणायचं, हे मला पटणारं नव्हतं. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून पारदर्शक कागदावर छापून आणलं. आता अक्षरं ऊन अडवू लागली आणि निळ्यावर पांढरी उमटली, जुन्या रस्त्यांच्या पत्र्याच्या पाट्यांसारखी. बाबांचं नाव, टोकन नंबर, खातं: सायझिंग. मुलगा थोडा हिरमुसला, पण नाक्यावर झेरॉक्स काढायला तोच गेला होता.

गंमत म्हणजे पांढरा चौकोन शेवटी राहिला, एकच. खानावळ चालवणाऱ्या आजी आपली हिशेबाची वही घेऊन आल्या. गिरणगावात अशा कितीजणी होत्या. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या बायकांसाठीच, सावकाराच्या व्याजातून सोडवायला. या आजींकडे १९८२ च्या संपाच्या काळात गडी जेवत राहिले आणि पैसे येईनात. वहीत ती सगळी उधारी आहे, नावानिशी. मुलगी म्हणाली, पान उघडून छापूया. आजींनी वही मिटली. "त्यांची पोरं इथंच राहतात." वही बंद ठेवूनच ठसा घेतला. त्या चौकोनाखाली काय लिहायचं विचारलं तर म्हणाल्या, "जेवले."

हे सगळं गोडीत चाललं होतं, तोवर तो पितळी डबा आला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. तो रीतसर मागे कधी घेतलाच गेला नाही, हे बाहेरच्यांना सांगितलं की खरं वाटत नाही. महिने गेले तसे काही गावी गेले, काहींनी भाजी विकली, आणि काही संप मोडून गिरणीत, आत गेले. डबा आणणारा माझ्याच वयाचा. त्याचे वडील आत गेलेले. डबा कापडावर ठेवणार इतक्यात दुसऱ्या मजल्यावरचे काका उठले. "हा डबा संपात आत गेलाय. माझ्या पासाशेजारी हा लागणार नाही."

"काका, माझी बहीण तेव्हा दवाखान्यात होती."

"आमच्याकडे काय तूप वाहत होतं?"

चाळीस वर्षं ही दोन घरं एकाच नळावर पाणी भरतात. गणपतीत एकमेकांकडे आरतीला जातात. तरी हे वाक्य एवढी वर्षं आत तसंच होतं. मुलीने गोधडीखाली लावायला एक पाटी आधीच लिहून ठेवली होती, संपाने साऱ्या गिरणगावाला एका धाग्यात बांधलं, अशा अर्थाची. तिने ती आमच्यादेखत फाडली. मला त्या पोरीचं कौतुक वाटलं. मोठमोठ्या सभांत मी हेच वाक्य टाळ्या घेताना ऐकलंय.

डबा ठेवायचा की नाही यावर त्या दिवशी काही ठरलं नाही. पुढच्या रविवारी काकाच म्हणाले, ठेवा, पण दुसऱ्या टोकाला, आणि चिठ्ठी ज्याची त्याने लिहायची. तसंच केलं. एका टोकाला चिठ्ठी आहे: "माझे वडील संप चालू असताना कामावर गेले. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो." दुसऱ्या टोकाला: "मी गेलो नाही." मधे आम्ही सगळे. माझे बाबा दोन्हींत बसत नाहीत. ते गावी गेले, परत आले तेव्हा गिरणीने घेतलं नाही, मग अंधेरीला एका इमारतीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. मी चिठ्ठीत तेवढंच लिहिलं. आई असती तर वॉचमनचं लिहू दिलं नसतं. मला ते लिहायचंच होतं, कारण त्यांची मुलगी म्हणून मला आठवतो तो माणूस खळीच्या वासाचा कमी आणि शिट्टी-काठीवालाच जास्त.

प्रदर्शन चाळीच्या पटांगणात लागलं. बाहेरचे लोक ठशांकडे बघत होते, चाळीतले चिठ्ठ्यांकडे. काका डब्याच्या टोकाला गेले नाहीत, पण नातवाला पाठवून तिथे काय लिहिलंय ते वाचून घेतलं. एका पाहुण्या बाईंनी विचारलं, "यात स्त्री कामगार कुठे आहेत?" प्रश्न रास्त होता. सूत गुंडाळायच्या रीळ खात्यातल्या बायका, त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या नायकिणी, यांचा एकही कागद आमच्या चाळीत निघाला नाही. एका घरातून फक्त नाव निघालं, तेही सांगताना दोन बहिणींत एकमत होईना. वहिनीने ते दोन्ही प्रकारे टाके घालून लिहिलं.

गोधडी आता मंडळाच्या कपाटात घडी करून ठेवली आहे. सतत उजेडात राहिली तर निळा उतरतो, त्यामुळे भिंतीवर लावायची नाही असं ठरलंय. मे महिन्यात कणकवलीकडची मंडळी ती गावी नेऊ म्हणतात, साताऱ्याकडचे म्हणतात आधी आमच्याकडे. चाळीत दोघांच्याही खोल्या सारख्याच, म्हणून मतदान घेऊन उपयोग नाही. वहिनीचा मला परवा पुन्हा फोन आला होता. काकांनी आणखी एक तुकडा शिवायला आणलाय, कसला ते सांगत नाहीत, आणि कापड उकळून खळ काढायला मला बोलावलंय.