क्रुसाखालची कवटी

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ माझे तसबिरी मढवण्याचे दुकान आहे. तिथे भिंतीला टेकवून ठेवलेले क्रुसाचे चित्र दिसले की गिऱ्हाईक हटकून विचारते, येशूच्या पायांखाली ही कवटी कशासाठी आणि असले चित्र घरात लावणे अशुभ नाही का? परवा तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

येशूला जिथे क्रुसावर चढवले त्या जागेचे नाव गुलगुथा, आणि त्याचा ‘कवटीची जागा’ हा अर्थ बायबलमधल्या शुभवर्तमानातच, म्हणजे येशूच्या चरित्रातच, दिलेला आहे. पुढे परंपरेने त्या नावाला एक कथा जोडली : पहिला मनुष्य आदाम तिथेच पुरलेला होता आणि येशूचे रक्त खडकाच्या भेगेतून झिरपत त्याच्या कवटीवर पडले. यरुशलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये तो तडकलेला खडक आजही दाखवतात, आणि त्या ठिकाणाला आदामाचेच नाव आहे. जसे आदामामध्ये सर्व मरतात तसे ख्रिस्तामध्ये सर्व जिवंत केले जातील, असे येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिले होते; चित्रकारांनी तेच हाडांत आणि रक्ताच्या ओघळात मांडले. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मासाच्चो या चित्रकाराने १४२७च्या सुमारास रंगवलेल्या भित्तिचित्रात तर क्रुसाखाली अख्खा सांगाडा आडवा पडलेला आहे, आणि ‘तुम्ही आज जे आहात ते मी होतो, मी जो आहे ते तुम्ही व्हाल’ अशा अर्थाचा लेख त्याच्या वर आहे. थोडक्यात, ज्या कवटीला तुम्ही बिचकता ती आपल्या सगळ्यांच्या मूळपुरुषाची आहे. (कालीच्या गळ्यातली मुंडमाळा मात्र कोणाला खटकल्याचे मी पाहिलेले नाही.)

हे मला शिकवले ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाण्याकडच्या मूळच्या ख्रिस्ती समाजातल्या, एका आजींनी. त्यांच्या सासरचे जुने छापील चित्र मढवताना मी नेहमीप्रमाणे माउंटची, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची, खालची बाजू वरच्यापेक्षा रुंद कापली, आणि चित्राला पांढरी कड नसल्यामुळे कवटी नेमकी तिच्याखाली गेली. चित्र नीटनेटके दिसते म्हणून मी खूश होतो. आजींनी चष्मा वर सरकवला, काचेवर खाली बोट टेकवले आणि म्हणाल्या, “बाबा, आदामाला झाकलंस, मग हे रक्त कोणासाठी?” खिळे उपटून मी त्यांच्यासमोरच नवा माउंट कापला, जुन्याचे पैसे अर्थात माझेच गेले.