मुदतबाह्य : शून्य

‘प्राप्त अर्ज सर्व निकाली, मुदतबाह्य शून्य.’ नाशिकमधल्या एका कार्यालयाने 28 सप्टेंबरच्या माहिती अधिकार दिनाला लावलेल्या फलकावरची ही ओळ. व्हॉट्सअॅपवर तिचा फोटो कुणी कौतुकाने फिरवत होतं, कुणी ‘धादांत खोटं’ म्हणून. पडताळणीचं काम माझ्याकडे आलं.

जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहू द्यावेत, असा 26 नोव्हेंबर 2018 चा शासन आदेश आहे. तीन वाजताच जाऊन बसलो आणि तीन वह्या मागितल्या : माहिती अधिकार नोंदवही, आवक (आलेल्या पत्रांची) आणि जावक (गेलेल्या पत्रांची). पहिली लगेच आली. जावकसाठी दोनदा आठवण करावी लागली. नुसती नोंदवही पाहून उठायचं नसतं, ती वही म्हणजे कार्यालयाने स्वतःच तपासलेला स्वतःचा पेपर.

आधी ‘निकाली’ची फोड. दुसऱ्या कार्यालयाकडे माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) खाली पाठवलेला अर्ज निकाली, कलम 8 खाली नाकारलेला निकाली, आणि इथे तर ‘शुल्क भरा’ एवढं पत्र गेलेलाही निकालीच होता. माहिती प्रत्यक्ष कुणाच्या हातात पडली, हा रकानाच वहीत नव्हता. तो मी माझ्या कागदावर आखला.

मग तारखा. एक अर्ज 3 जूनला आलेला, आवक शिक्का स्वच्छ. उत्तराच्या मुदतीचे 30 दिवस 3 जुलैला भरतात. उत्तराच्या पत्रावर 1 जुलै. म्हणजे मुदतीत. पण पत्र छापील आणि ‘दिनांक’पुढचा ‘1’ मात्र पेनाने भरलेला. जावक वहीत त्या पत्राचा क्रमांक शोधला, तर त्याच्या वरची नोंद 8 जुलैची, खालची 9 जुलैची. पत्राची तारीख मागे नेता येते, जावक क्रमांक बापडा रांगेतच उभा राहतो.

यात आठवड्याची चूक एवढंच नाही. त्या पत्रात 23 पानांचे, पानाला 2 रुपयांप्रमाणे 46 रुपये मागितले होते. मुदत उलटली की कलम 7(6) प्रमाणे माहिती विनामूल्य द्यावी लागते. म्हणजे पत्र 1 जुलैचं असेल तर मागणी रास्त, 8 जुलैचं असेल तर बेकायदा. आणि शुल्काचं पत्र ‘रवाना’ झाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस 30 मधून वगळा, असं कलम 7(3) सांगतं. कायदा रवानगी धरतो, सहीची तारीख नाही. स्पीड पोस्टची पावती मागितली. पाकीट साध्या टपालाने गेल्याचं कळलं, तेव्हा पुरावा जावक वहीचाच.

‘धादांत खोटं’वाल्यांची यादीही तितकीच तपासली. त्यांच्या उशिराच्या यादीतले काही अर्ज मुळात दुसऱ्या कार्यालयातून वर्ग होऊन आलेले. त्यांची मुदत इथे पोचल्यापासून मोजायची, अर्जदाराने पहिल्यांदा दिल्यापासून नाही. काही अर्जांत अर्जदाराने शुल्क भरायला लावलेले दिवस त्यांनी वगळलेच नव्हते. असे अर्ज यादीतून काढले. तरी मुदत ओलांडलेले उरलेच.

कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची कलम 4 ची 17 बाबींची माहिती वेबसाइटवर वरवर चाळली. जन माहिती अधिकारी म्हणून बदली होऊन गेलेल्या साहेबांचं नाव तसंच होतं.

लिपिकाने विचारलं, “साहेब, खोटं म्हणून लिहिणार का?” नाही म्हटलं. उत्तरं गेली आहेत, त्यामुळे ‘निकाली’ शब्द त्यांच्या व्याख्येत बसतो. निष्कर्ष ‘दिशाभूल करणारा’ असा लिहिला, आणि ‘मुदतबाह्य शून्य’ एवढ्याच भागाला ‘चुकीचा’. कार्यालयाचं म्हणणं लेखी मागितलं, त्यासाठी सात दिवस ठेवले.

जावक वहीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत हवी होती. 2 रुपये भरले, पावती घेतली. साहेब सही करायला जागेवर येईपर्यंत पाचला दहा कमी होते.