आमची वाटचाल : गंजलेल्या डॅम्परपासून ऑटोमॅटिक पॅनलपर्यंत

सुरुवात मुंबईत दारूखान्यातल्या एका गाळ्यात झाली, मी आणि दोन फिटर, काम म्हणजे जहाजांचे जाम झालेले फायर डॅम्पर, म्हणजे आगीत हवेची वाट बंद करणाऱ्या झडपा, सोडवणं. खाऱ्या हवेनं शाफ्ट असा धरलेला असायचा की हँडलला पाईप लावून दोघांनी जोर लावायचा तेव्हा कुठे हलायचं, आणि दर वेळी मनात यायचं, खरी आग लागल्यावर धुरात एकटा माणूस हे कसं बंद करणार?

इंजिन रूममध्ये आग विझवायला सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडायचा तर आधी पंखे बंद आणि डॅम्पर पक्के बंद लागतात. नियमाप्रमाणे ८५ टक्के गॅस २ मिनिटांत आत जातो पण डॅम्परचा एक फ्लॅप (झडपेचं पान) जरी उघडा राहिला तरी गॅस बाहेर, हवा आत, आणि आग परत पेटते. म्हणून आम्ही हवेच्या दाबावर फ्लॅप फिरवणारे, स्प्रिंगवाले न्यूमॅटिक अ‍ॅक्च्युएटर बसवायला लागलो, एअर लाईन जळाली तरी स्प्रिंग फ्लॅप ओढून घेते.

पहिल्या मोठ्या ऑर्डरला चूक झाली आणि ती आमचीच. ट्रायलला पॅनलवर, म्हणजे कंट्रोल बोर्डवर, सगळे डॅम्पर बंद दिसत होते, चीफ इंजिनिअर साहेब स्वतः वर चढून बघून आले आणि म्हणाले, "अहो, एक अर्धा उघडाच आहे." फ्लॅपला जोडणाऱ्या दांड्याची, लिंकेजची, पिन तुटलेली, अ‍ॅक्च्युएटर फिरला, फ्लॅप तिथेच, आणि डॅम्पर बंद झाल्याचं पॅनलला कळवणारा लिमिट स्विच आम्ही लावलेला अ‍ॅक्च्युएटरवर! त्या रात्री झोप नाही लागली. तेव्हापासून स्विच थेट फ्लॅपवर, जागा कितीही अडचणीची असू दे.

पॅसेंजर जहाजाचं गणित वेगळं. १९९० मध्ये स्कँडिनेव्हियन स्टार फेरीवर १५९ माणसं गेली, बहुतेक धुरानं. व्हेंटिलेशन बंद केल्यावर केबिनमधला हवेचा दाब गेला आणि दाराच्या जाळीतून धूर आत शिरला. म्हणजे सरसकट सगळं बंद करणं हे उत्तर नाहीच. आमच्या पीएलसीमध्ये (पॅनलमधला छोटा कंट्रोल कॉम्प्युटर) आता झोनप्रमाणे लॉजिक असतं, आगीच्या झोनचे पंखे थांबतात, डॅम्पर बंद होतात, पण जिन्यात ताजी हवा चालू राहते म्हणजे दाबामुळे धूर तिथे घुसत नाही, आणि त्या हवेच्या तोंडाशीच धूर आला तर डिटेक्टर तो पंखाही थांबवतो. सीओटू मात्र माणसानंच सोडायचा, आत कोणी राहिलं नाही ना हे मोजूनच.

आज आम्ही ११ जण आहोत, गोव्यात वास्कोलाही कामं चालू असतात. हाताचं हँडल अजून एकाही डॅम्परवरून काढलेलं नाही, सर्व्हिसला गेलो की पॅनल बघायच्या आधी पोरं तेच फिरवून बघतात.