सुप्याचा रातवा फाटकाबाहेर बघा

रातवा हा रात्री उडणारा पक्षी बघायला सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात जा, असं सगळे सांगतात. अर्धवट सल्ला आहे. अभयारण्य संध्याकाळी बंद होतं आणि रातवा उठतो त्यानंतर. दिवसा तो आत असला तरी मुरमावर अंग चेपून असा बसलेला असतो की पायाखाली यायची वेळ आली तरी हलत नाही. आत चिंकारा बघा, रातव्यासाठी बाहेरचं माळरान धरा. रात्रीच्या फेरीचे जीपवाल्याला वेगळे पैसे देऊ नका; तोही बाहेरच्याच रस्त्यांवरून फिरवतो.

पुण्याहून सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे हा रस्ता सरळ आहे. त्रास आहे तो डांबर सोडल्यावरच्या गाडीवाटेचा. रातवे नेमके चाकोरीत येऊन बसतात, उजेडाने दिपतात आणि चाकाखाली जातात. त्यामुळे गाडी डांबराकडेलाच लावा आणि पायी जा. घोट्यावर येणारे बूट हवेतच, फुरसं याच मुरमावर असतं. मेंढरांच्या वाड्यापासून लांब राहा, राखणीची कुत्री सोडत नाहीत.

मार्च ते जून, शुद्ध दशमी ते पौर्णिमा हे दिवस धरा. तेव्हा दिवस मावळताना चंद्र वर असतो आणि चांदण्यात रातवा जास्त बोलतो. वद्य पक्षात चंद्र रोज उशिरा उगवतो, संध्याकाळ फुकट जाते. वारा जोरात असेल तर आवाज ऐकूच येत नाही, सरळ परत फिरा.

पहिली वीस मिनिटं बॅटरी बंद ठेवून नुसतं ऐका. फरशीवर टाकलेल्या गोटीच्या उड्या जवळजवळ येत थांबतात ना, तसा ‘चक्-चक्-चक्-चक्‌र्र्र’ आला की तो भारतीय रातवा. उडता उडता एकच धारदार ‘च्वीप’ आला तर माळरातवा. त्याच्या नराच्या शेपटीची बाहेरची पिसं पांढरी असतात.

मग बॅटरी कपाळावर बांधा. हातात कमरेपाशी धरलीत तर डोळ्यांची चमक दिसणार नाही, कारण उजेड आला त्याच दिशेने परततो. जमिनीलगत तांबूस निखारा दिसला की रातवा, हिरवट बारीक ठिणगी म्हणजे कोळी. उजेड मंद करा, थांबा. दहा-बारा पावलांवरून पाठीवरची सुक्या पाचोळ्यासारखी नक्षी स्पष्ट दिसते, आणि ती बघून सगळी पायपीट वसूल होते!

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. घरटं नसतं, दोन अंडी उघड्या जमिनीवर असतात. पक्षी एकाच जागी घुटमळत पंख लोळवत पळायला लागला तर अंडी किंवा पिल्लं जवळच आहेत. आलात त्याच पावलांवरून मागे या.