भूप की देशकार, आणि रागाचा एकच रकाना

खासगी संग्रहातल्या शास्त्रीय संगीताच्या कॅसेटी संगणकावर घेऊन त्यांची नोंद करणे म्हणजे दिवसभर गाणे ऐकणे, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात निम्मा वेळ बुरशी पुसण्यात, डेकच्या हेडचा कोन जुळवण्यात आणि नावांमागच्या उपाध्या काढण्यात जातो. नाहीतर आमची प्रणाली अर्धे गवई ‘पंडित’ म्हणून ‘प’खाली आणि उरलेले ‘उस्ताद’ म्हणून ‘उ’खाली रचून ठेवते.

त्या दिवशी हाती आलेल्या कॅसेटवर ‘भूप, विलंबित व द्रुत’, म्हणजे भूप राग, संथ आणि जलद लयीत, एवढेच लिहिले होते. तारीख होती, वेळ नव्हती. पहिल्या बाजूला ख्याल मधूनच सुरू होतो, आणि गायक पुन्हा पुन्हा धैवतावर (ध) येऊन तार षड्जाकडे (वरच्या सा कडे) जातो, ऋषभाला (रे) जेमतेम स्पर्श करतो. भूप आणि देशकार या दोन रागांचे स्वर तेच पाच. पण भूपाचा जीव गंधारात (ग), देशकाराचा धैवतात. हा देशकार होता, याबद्दल मला शंका नाही. दुसऱ्या बाजूची द्रुत बंदिश मात्र गंधारावर विसावणारी, निखळ भूप.

देशकार सकाळी गायचा, भूप रात्री. मग बैठक एकच की दोन? टेपवर उतरलेली विजेची गुणगुण मी तपासली. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणून ती 50 हर्ट्झला हवी. पहिल्या बाजूला तशीच होती, दुसऱ्या बाजूला 52 च्या आसपास, म्हणजे ही बाजू चार टक्के वेगाने वाजत होती. वेग उतरवला, तर दोन्ही बाजूंचा षड्ज तंतोतंत जुळला. तरी त्यावरून गायक एकच असावा एवढेच म्हणता येते, कारण त्याची पट्टी सकाळी काय नि रात्री काय, तीच असणार.

ज्यांचा संग्रह त्यांच्या घरच्यांचे म्हणणे, बाबांनी लिहिलेले बदलू नये. ते रास्तच आहे, म्हणून वेष्टनावरचा मजकूर जसाच्या तसा शीर्षकात ठेवला. अडले ते रागाच्या रकान्यात, कारण ज्यांनी तो आखला त्यांनी एका नोंदीला एकच राग निवडण्याची सोय ठेवली आहे. बहुधा त्यांनी कॅसेट उलटून कधी ऐकलीच नसावी. सहकाऱ्याने ‘भूप टाका आणि पुढे चला’ असे सुचवले. मी दोन्ही बाजूंच्या स्वतंत्र नोंदी केल्या, त्या एकमेकींना जोडल्या आणि गुणगुणीचे आकडे शेऱ्यात लिहिले. शेरा शोधात येत नाही. तो यावा, असा अर्ज वरिष्ठांकडे दिला आहे.